फोनला कळेल का माऊचं म्हणणं?

या वेळच्या पत्रांत मांजरांबरोबर यंत्रंही आली आहेत. कुणाच्या फोनमध्ये म्यांवचा अर्थ सांगणारं अ‍ॅप आहे, कुणी कॅमेरा लावला आहे, कुणी बोलणारी बटणं आणली आहेत. मी पशुवैद्य आहे, माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांत निम्म्याहून जास्त मांजरं असतात, आणि हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे. तातडीच्या पत्रांना मी लगेच कळवलं होतं. त्यांतलं एक इथे मुद्दाम छापायला दिलं आहे, कारण बोका पाळणाऱ्या प्रत्येकाने ते वाचायला हवं.

प्रश्न: माझ्या मुलीने मांजराची भाषा सांगणारं अ‍ॅप फोनवर घेतलं आहे. आमची माऊ सकाळी बंद दारासमोर उभी राहून ओरडते. परवा पहिल्या म्यांवला अ‍ॅपने ‘मला विश्रांती हवी’ असं दाखवलं आणि लगेच दुसऱ्याला ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’. मुलगी खूश आहे, मी गोंधळले आहे. यात तथ्य किती?

तथ्य आहे, पण ते त्या वाक्यांत शोधू नका. हे अ‍ॅप आतून काय करतं ते आधी सांगते. फोन आवाज पकडतो. त्याची पट्टी, त्याची लांबी, शेवटाकडे सूर चढला की उतरला, हे सगळं मोजतो. मग माणसांनी आधीच नाव देऊन ठेवलेल्या असंख्य आवाजांशी ते ताडून बघतो आणि तुमच्या माऊचा आवाज मोजक्या गटांपैकी एका गटात टाकतो. मिआउटॉक हे अ‍ॅप २०२० मध्ये आलं. ते सुचलं हावियर सांचेझ या अभियंत्याला, ज्यांनी आधी अ‍ॅमेझॉनच्या अलेक्सावर काम केलं होतं. त्यातही असेच मोजके गट आहेत. गटाला ‘मला विश्रांती हवी’ असं वाक्य जोडतो तो माणूस. तुमच्या माऊने तसं काही म्हटलेलं नसतं. दोन आवाजांत जरासा फरक पडला की गट बदलतो आणि पडद्यावर एकदम वेगळंच वाक्य येतं.

अडचण यंत्रापेक्षा म्यांवमध्ये जास्त आहे. पिल्लू आईला बोलावण्यासाठी ओरडतं. मोठी झालेली मांजरं एकमेकांशी म्यांव असं फारसं करतच नाहीत. एकमेकांशी त्यांचं बोलणं वासाने, शेपटीने, कानांनी, नजरेने चालतं. म्यांव मोठेपणीही टिकतो तो मुख्यतः माणसांसाठी, कारण माणूस आवाजाला उठून येतो हे त्यांच्या लक्षात येतं. मिल्ड्रेड मोल्क यांनी १९४४ मध्ये मांजराच्या आवाजांचे सोळा प्रकार नोंदवले, तोंड मिटून काढलेले, उघडून हळूहळू मिटत काढलेले आणि उघडंच ठेवून काढलेले. त्यानंतर अनेकांनी हे काम पुढे नेलं. २००३ मध्ये निकॅस्ट्रो आणि ओव्हरेन यांनी वेगवेगळ्या प्रसंगांतले म्यांव लोकांना ऐकवले आणि प्रसंग ओळखायला सांगितलं. लोकांची उत्तरं नुसत्या अंदाजापेक्षा जेमतेम बरी निघाली, मांजरांची सवय असलेल्यांची थोडी अधिक बरी. पुढे २०१५ मध्ये असंही दिसलं, की स्वतःच्या मांजराचे आवाज माणसाला थोडेफार ओळखता येतात, अनोळखी मांजराचे मात्र येत नाहीत.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. प्रत्येक घरात मांजर आणि माणूस मिळून आपापली बोली घडवतात. तुमची माऊ कुठल्या आवाजाला तुम्ही उठता ते बघून तोच आवाज पुन्हा काढते. साऱ्या जगातल्या मांजरांचे आवाज एकत्र करून बनवलेल्या अ‍ॅपला तुमच्या घरातली ही बोली माहीत असण्याचं कारण नाही.

काही कल मात्र सगळीकडे सारखे दिसतात. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या सुझान शट्झ यांनी मांजरांच्या सुरांचा अभ्यास केला आहे. खाण्याची वाट बघताना म्यांवचा सूर शेवटाकडे चढतो आणि पशुवैद्याकडे नेताना उतरतो, असा कल त्यांना दिसला. दुसरं उदाहरण घुरघुरण्याचं. ससेक्स विद्यापीठाच्या कॅरन मकोंब यांनी २००९ मध्ये दाखवलं, की खायला मागणाऱ्या मांजराच्या घुरघुरीत एक उंच, रडण्यासारखा सूर मिसळलेला असतो आणि तो तान्ह्या बाळाच्या रडण्याच्या पट्टीच्या जवळ जातो. मांजर कधी न पाळलेल्या लोकांनाही ती घुरघुर जास्त निकडीची वाटली. पहाटे तुम्हाला उठवणारा आवाज हाच.

तेव्हा अ‍ॅप ठेवा, पण वहीसारखं वापरा. त्यात चुकीचा अर्थ दुरुस्त करायची सोय असेल तर मुलीला तो रोज दुरुस्त करू दे. प्रत्येक आवाजाबरोबर तीन गोष्टी लिहायला सांगा: माऊ कुठे होती, शेपटी आणि कान कसे होते, आणि कशाने ती गप्प झाली. शेपटी उभी आणि टोक किंचित वाकलेलं असेल तर तो जवळिकीचा इशारा आहे. कान बाजूला पडलेले आणि शेपटी आपटत असेल तर पडद्यावर प्रेमाचं वाक्य आलं तरी तिला उचलू नका. परवाच्या दोन्ही म्यांवचा अर्थ लावायचा तर ती बंद दारासमोर उभी होती, एवढं पुरेसं आहे.

माझ्या घरची मांजरी तर बहुतेक वेळा आवाजच काढत नाही. माझ्याकडे बघून तोंड उघडते, म्यांवचा पूर्ण आविर्भाव करते आणि आवाज शून्य. कुठल्याच अ‍ॅपकडे तिची नोंद होणार नाही. मला मात्र तिचं म्हणणं दर वेळी कळतं, कारण मी तेव्हा तिच्याकडे बघत असते.

प्रश्न: आमच्या तीन वर्षांच्या बोक्याच्या लिटर बॉक्सखाली, म्हणजे त्याच्या शी-शूच्या पेटीखाली, वजन मोजणारा सेन्सर आहे. बोका गेला की फोनवर नोंद येते. एरवी दिवसातून तीन-चार नोंदी असतात, कालपासून सारख्याच येत आहेत. तो आत बसतो, बाहेर येतो, पुन्हा जातो, मधेच ओरडतो. सेन्सर बिघडला असेल का?

सेन्सर ठीक होता. या पत्राला मी उत्तर लिहिलं नाही, सरळ फोन केला आणि त्याच संध्याकाळी बोक्याला जवळच्या दवाखान्यात न्यायला लावलं. त्याची लघवी अडली होती. नळी घालून ती मोकळी करावी लागली. बोका आता घरी आहे.

बोक्याचा मूत्रमार्ग लांब आणि अरुंद असतो. त्यात खडे किंवा चिकट गाळ अडकला की लघवी बाहेर पडत नाही, मूत्राशय दगडासारखं कडक होतं, रक्तातलं पोटॅशियम वाढत जातं आणि हृदय बंद पडू शकतं. हे सगळं एक-दोन दिवसांत होतं. मालकाला अनेकदा वाटतं की बद्धकोष्ठ झालंय आणि तो आणखी एक रात्र थांबतो. कृपा करून थांबू नका. बोका पुन्हा पुन्हा लिटर बॉक्समध्ये बसतोय आणि आतली वाळू कोरडी आहे, एवढं दिसलं की निघा, मग कितीही वाजले असोत.

मांजर आणि माणूस यांच्यातल्या संवादाचं यंत्र कुणी विचारलं तर मी सगळ्यांत आधी या सेन्सरचं नाव घेते. ते एक शब्दही बोलत नाही. पण मांजर आजार लपवतं आणि लिटर बॉक्समध्ये ते लपवता येत नाही. रोजचं वजनही त्यात नोंदलं जात असेल तर ते बघत जा. चार किलोच्या मांजराचं वजन चारशे ग्रॅमने घटलं तर ते शरीराच्या दहाव्या भागाएवढं असतं आणि दाट केसांखाली डोळ्यांना ते दिसत नाही. थायरॉइड, मूत्रपिंडं, मधुमेह यांची पहिली खूण बहुतेकदा तिथेच सापडते. घरात दोन-तीन मांजरं असतील तर मात्र मांजराच्या कातडीखाली बसवलेली मायक्रोचिप ओळखणारं किंवा वजनावरून मांजर ओळखणारं यंत्र घ्या, नाहीतर कुणाची नोंद कुणाच्या नावावर जाईल.

प्रश्न: माझं वय सत्तरीच्या पुढे आहे, मांजरी बारा वर्षांची. हल्ली ती उंच जागी उडी मारायची टाळते. कुठे दुखतंय हे तिला विचारता येत नाही याचं फार वाईट वाटतं. चेहऱ्याच्या फोटोवरून वेदना ओळखणारी अ‍ॅप आहेत असं नातवाने सांगितलं. त्यांवर विसंबता येईल का?

काका, तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण या बाबतीत खरंच भक्कम काम झालं आहे. कॅनडातल्या माँट्रिऑल विद्यापीठात मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याचं एक मापन तयार झालं आणि २०१९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्याला फेलाइन ग्रिमेस स्केल म्हणतात. पाच गोष्टी बघायच्या: कान पुढे ताठ आहेत की बाहेर वळून पसरले आहेत, डोळे उघडे आहेत की आवळलेले, नाक-तोंडाचा भाग गोलसर आहे की ताणून लंबगोल झालाय, मिशा सैल वाकलेल्या आहेत की सरळ ताठ, आणि डोकं खांद्यांच्या वर आहे की खाली झुकलंय. प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन गुण. दहापैकी चार किंवा जास्त झाले तर वेदनाशामकाची गरज आहे असं धरून डॉक्टरांकडे जायचं.

विद्यापीठाचं स्वतःचं अ‍ॅप आहे, त्यात हे गुण तुम्ही द्यायचे. कॅलगरीतल्या एका कंपनीने २०२१ मध्ये टॅबली नावाचं अ‍ॅप आणलं, त्यात फोटोवरून यंत्रच अंदाज करतं. मला विचाराल तर पहिलं घ्या. पाच गोष्टी स्वतः बघायला शिकलात की पुढे फोन हातात नसला तरी तुमची नजर ते काम करेल. नातवाला बरोबर बसवा, दोघांनी वेगवेगळे गुण द्या आणि मग जुळवून बघा. मांजरी जागी आणि शांत असताना, थोडं लांबून, अर्धा मिनिट न छेडता बघायचं. ती झोपलेली, खात असलेली, अंग चाटत असलेली किंवा ओरडत असलेली असेल तर गुण देऊ नका. चपट्या तोंडाच्या जातीची असेल तर चेहरा मुळातच वेगळा असतो, तिथे फार सांभाळून.

आता तुमच्या मांजरीबद्दल. हे मापन तयार झालं ते अचानक उठणाऱ्या वेदनेसाठी, म्हणजे शस्त्रक्रिया, इजा, पोटातली कळ यांसाठी. उडी टाळण्यामागे बहुतेकदा सांध्यांची झीज असते. बारा वर्षांपुढच्या मांजरांचे एक्स-रे तपासले तेव्हा दहातल्या नऊ जणींत ती सापडली होती. ती वेदना हळूहळू येते आणि चेहरा तितका बदलत नाही, चाल बदलते. म्हणून तुमच्यासाठी खरं साधन फोनचा साधा कॅमेरा. ती एका उडीत चढायची तिथे आता मधे थांबते का, जिना उतरताना मागचे दोन्ही पाय एकदम टाकते का, पाठीचा मागचा भाग चाटायचं सोडलंय का, खाली उडी मारण्याआधी पुढचे पंजे शक्य तेवढे खाली टेकवते का, याचे छोटे व्हिडिओ काढा आणि डॉक्टरांना दाखवा. माझ्या टेबलावर आलेलं मांजर भीतीने गोठून बसतं. ते मला काहीच सांगत नाही. घरच्या व्हिडिओतलं तेच मांजर मला सगळं सांगतं. मी प्रत्येक मालकाला येताना व्हिडिओ आणायलाच सांगते.

आणि एक विनंती, काका. तिला तुमच्या औषधांतली गोळी देऊ नका, अर्धी नाही आणि पावही नाही. पॅरासिटामॉल मांजराला जीवघेणं आहे, त्यांच्या यकृताला ते निकामी करून बाहेर टाकता येत नाही. सांध्यांच्या दुखण्यावर मांजरांसाठीची वेगळी औषधं आहेत आणि ती चांगलं काम करतात.

प्रश्न: आमचा पंधरा वर्षांचा बोका मध्यरात्री भिंतीकडे तोंड करून मोठ्याने ओरडतो. अ‍ॅप म्हणतं ‘मी शिकार करतोय’.

अ‍ॅप बाजूला ठेवा आणि या आठवड्यात रक्तदाब, थायरॉइड आणि मूत्रपिंडांची तपासणी करून घ्या. म्हातारपणी सुरू झालेलं रात्रीचं ओरडणं या तिन्हींपैकी कशाचंही लक्षण असू शकतं. ऐकू कमी येत असेल, तरी मांजर मोठ्याने ओरडतं. मेंदूचं म्हातारपण हेही एक कारण आहे, पण ते बाकीची कारणं तपासून झाल्यावर मानायचं. रक्तदाब फार वाढला तर डोळ्यातला पडदा सुटून बोका एका रात्रीत आंधळा होऊ शकतो, म्हणून लवकर जा. तोवर रात्री एक मंद दिवा चालू ठेवा.

प्रश्न: मी दिवसभर कामावर असते. घरात बोलता येणारा कॅमेरा लावला आहे. दुपारी मी त्यातून हाक मारते, मांजरी धावत येते, कॅमेऱ्याभोवती फिरते, मागे जाऊन बघते, मग दाराकडे जाऊन ओरडत बसते. माझा आवाज ऐकून तिला बरं वाटत असेल ना?

तुमचा आवाज ती नक्की ओळखते. मांजरं मालकाचा आवाज परक्या आवाजांतून वेगळा काढतात आणि स्वतःचं नाव इतर शब्दांतून ओळखतात, हे जपानमध्ये आत्सुको साइतो यांच्या प्रयोगांतून दिसलं आहे. फ्रान्समध्ये २०२२ मध्ये झालेल्या अभ्यासात तर आपलं माणूस मांजराशी बोलताना लाडाचा जो सूर लावतं, त्या सुराला मांजरांनी वेगळा प्रतिसाद दिला. परक्या माणसाने तोच सूर लावला तेव्हा दिला नाही.

तुमच्या पत्रातलं ‘मागे जाऊन बघते’ हे मात्र मला लागलं. क्योतो विद्यापीठातल्या साहो ताकागी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. मांजर खोलीत, मालक दिसत नाही. एका स्पीकरमधून मालकाची हाक येते आणि लगेच भलत्याच ठिकाणच्या दुसऱ्या स्पीकरमधून तीच हाक. मांजरं चकित झाली. याचा अर्थ असा, की नुसत्या आवाजावरून माझं माणूस आत्ता कुठे आहे याचं चित्र मांजर मनात धरून ठेवतं. तुम्ही कॅमेऱ्यातून हाक मारता तेव्हा तुम्ही त्या कोपऱ्यात आहात असं तिला कळतं. ती येते. तुम्ही नसता. मग ती दाराकडे जाते.

म्हणून तिला बघा, पण हाक मारू नका. कॅमेऱ्यातून दिसणारं फार मोलाचं असतं. दिवसभर ती झोपते का, सारखी येरझाऱ्या घालते का, पाणी पिते का, हे दुसरं कुणी तुम्हाला सांगणार नाही. बोलायचंच असेल तर हाकेमागून काहीतरी मिळू द्या. ठरल्या वेळी दाणे सोडणारं यंत्र असतं, त्याबरोबर तुमचा रेकॉर्ड केलेला आवाज वाजतो आणि खाणं येतं. ती हाक खरी ठरते. काही मांजरं कॅमेऱ्यातल्या आवाजाने शांत होऊन त्याच्याशेजारी झोपतातही. तुमची तशी नाही हे तुम्हीच लिहिलं आहे.

प्रश्न: दाबल्यावर शब्द बोलणारी बटणं आणली. बोका ‘बाहेर’ आणि ‘खेळ’ बरोबर दाबतो. आता ‘प्रेम’, ‘उद्या’, ‘का’ अशी बटणं जोडू का?

आधी त्याचं कौतुक. हे बटण दाबलं की अमुक होतं, हे त्याने शिकून घेतलं आणि स्वतःहून वापरलं. त्याला मी संवादच म्हणेन. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेत फेदेरिको रोसानो यांच्या गटाने बटणं वापरणाऱ्या कुत्र्यांचा अभ्यास केला आहे. २०२४ मध्ये त्यांनी दाखवलं, की ‘खेळ’ आणि ‘बाहेर’ या शब्दांना कुत्री योग्य ते वागतात, मग शब्द माणसाने उच्चारलेला असो की बटणातून आलेला. अभ्यास कुत्र्यांचा होता. पण तुमच्या बोक्याचे शब्द नेमके तेच आहेत, कारण त्या शब्दांमागून लगेच काहीतरी घडतं.

‘उद्या’ आणि ‘का’ यांमागून काय घडणार? काहीच नाही, किंवा तुम्ही हसाल, त्याला जवळ घ्याल. मग तो ते बटण तुमच्या हसण्यासाठी दाबेल आणि तुम्ही त्यात प्रश्न वाचाल. शतकापूर्वी बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा गणितं सोडवतो म्हणून गाजला होता. १९०७ मध्ये ओस्कार फुंग्स्ट यांनी दाखवलं, की घोडा समोरच्या माणसाच्या नकळत होणाऱ्या हालचाली वाचत होता. ती हुशारी खरीच होती, फक्त गणिताची नव्हती.

मी तुमच्या जागी असते तर तिसरं बटण ‘नको’ ठेवलं असतं, आणि ते दाबलं की दर वेळी हात मागे घेतला असता. खरं तर बोके ‘नको’ बटणाशिवायही सांगतात. कुरवाळताना पाठीची कातडी थरथरते, शेपटीचं टोक आपटतं, कान मागे वळतात, तो मान वळवून हाताकडे बघतो. या चार खुणांना घरातली सगळी माणसं थांबली तर ओरखडे आणि चावे फार कमी होतात.

प्रश्न: चीनमधली एक मोठी कंपनी प्राण्यांचं बोलणं माणसाच्या भाषेत आणणार आहे असं वाचलं. तोवर थांबावं का?

ती कंपनी बायडू. तिचा पेटंटसाठीचा अर्ज मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. आवाज, हालचाल आणि शरीरातले बदल एकत्र घेऊन प्राण्याची मनःस्थिती ओळखायची अशी त्यात कल्पना आहे. नुसत्या आवाजावर न थांबता ते अंगाकडेही बघताहेत, हे मला योग्य वाटतं. पण अर्ज म्हणजे यंत्र नव्हे, काम संशोधनाच्या पातळीवर आहे असं कंपनीनेच म्हटलं होतं. जपानच्या ताकारा कंपनीने मांजरांसाठीचं हातात धरायचं यंत्र २००३ मध्येच विकायला आणलं होतं, म्हणजे हे स्वप्न बरंच जुनं आहे.

थांबू नका. आज संध्याकाळी मांजर निवांत बसलं असताना त्याच्याकडे बघून डोळे हळूहळू अर्धे मिटा, क्षणभर तसेच ठेवा, उघडा. २०२० मध्ये ससेक्स आणि पोर्ट्समथ विद्यापीठांच्या संशोधकांनी दाखवलं, की मालकाने असे डोळे मिटले की मांजरंही डोळे बारीक करून उत्तर देतात, आणि असं करणाऱ्या परक्या माणसाच्या हाताजवळही जास्त जातात. यासाठी काहीच विकत घ्यावं लागत नाही.

प्रश्न: मी संगणकशास्त्राची विद्यार्थिनी आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात म्यांव ओळखणारं एआय मॉडेल करायचं आहे. घरात दोन मांजरं आहेत, मैत्रिणींकडे आणखी पाच. सुरुवात कुठून करू?

तू लिहिलंस याचा मला फार आनंद झाला. मांजरांसोबत राहणाऱ्या माणसांनी असं काम करायला हवं.

मिलान विद्यापीठातल्या संशोधकांनी जमवलेला कॅटमिआउज नावाचा संच आधी बघ. तो खुला आहे. त्यात दोन जातींची २१ मांजरं आणि ४४० आवाज आहेत, आणि प्रसंग तीनच: खाण्याची वाट बघणं, अनोळखी जागी एकटं असणं, आणि अंगावरून ब्रश फिरवणं. मांजराच्या गळपट्ट्याला छोटा मायक्रोफोन लावून ते आवाज घेतले होते, म्हणजे मांजर कुठेही फिरलं तरी अंतर तेवढंच राहिलं. या आवाजांवर २०१९ मध्ये त्यांनी सुमारे ९६ टक्के अचूकता मिळवली. आकडा मोठा आहे. पण उत्तर तीनांपैकीच एक असणार हे मॉडेलला आधीच ठाऊक होतं, हे विसरू नकोस. घरातलं मांजर तीन प्रसंगांत राहत नाही.

तुझ्या कामात दोन गोष्टी कटाक्षाने पाळ. ज्या मांजराच्या आवाजांवर मॉडेल शिकवशील, त्याच मांजराच्या दुसऱ्या आवाजांवर त्याची परीक्षा घेऊन समाधान मानू नकोस. तसं केलंस तर मॉडेल प्रसंगाऐवजी मांजर ओळखायला शिकेल आणि अचूकता खोटीच फुगेल. सात मांजरं आहेत, तर सहांवर शिकव, सातव्यावर तपास, आणि हे आळीपाळीने सातही जणांसाठी कर. मग उलटा प्रयोगही कर: एकाच मांजराचं, फक्त त्याच्यासाठीचं मॉडेल. माझा अंदाज आहे की ते जास्त उपयोगी ठरेल, आणि वर मी घराघराच्या बोलीबद्दल लिहिलं आहे ते त्यामुळेच.

आवाजासाठी कुठल्याही मांजराला कोंडू नकोस, उपाशी ठेवू नकोस, दुसऱ्या मांजराशी भिडवू नकोस. फिसकारणं मिळालं नाही तर नाही मिळालं. रोजच्या घरात जे आपोआप होतं तेवढंच घे. फोनचा मायक्रोफोन साधारण आपल्या कानांपुरतंच टिपतो, वीस-बावीस किलोहर्ट्झपर्यंत. मांजराचे कान त्याच्या कितीतरी पुढे, साधारण ८५ किलोहर्ट्झपर्यंत पोचतात. म्यांवसाठी फोन पुरेल, पण रेकॉर्डिंगच्या खोलीत तुला ऐकू न येणारा यंत्रांचा आवाज मांजराला ऐकू येत असेल, हे ध्यानात ठेव.

तक्त्यात तारीख, वेळ, जागा, शेपटी, कान हे रकाने तर हवेतच. त्यांच्याशेजारी आणखी दोन ठेव: म्यांवनंतर माणसाने काय केलं, आणि त्यानंतर मांजर गप्प झालं का. बरेच जण आवाजाला नाव देतात ते स्वतःच्या अंदाजाने, आणि मॉडेल तो अंदाजच शिकतं. दार उघडलं आणि ती गप्प झाली, तर तुझ्या नोंदीला मांजरीचा स्वतःचा दुजोरा मिळाला. खायला दिलं आणि तरी ओरडत राहिली, तर ‘भूक’ हे नाव खोडून टाक. मैत्रिणींना तक्ता देण्याआधी आठवडाभर स्वतःच्या दोन मांजरांवर भरून बघ आणि मला पाठव, कुठले रकाने कमी पडताहेत ते मी बघून देते.